बार्शी लाईट आणि मॅनिफोल्डची दरी : एकाच अभियंत्याच्या दोन रेल्वे

१/ इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात चुनखडीच्या डोंगरांमधून मॅनिफोल्ड नावाची छोटी नदी वाहते. १९०४ साली तिच्या दरीत एक चिमुकली आगगाडी सुरू झाली. डबे फिकट पिवळे, त्यांच्या टोकांना सज्जे आणि इंजिनाच्या कपाळावर उष्ण प्रदेशातील गाडीला शोभेल असा प्रचंड दिवा. या गाडीची थोरली बहीण त्या वेळी सोलापूर जिल्ह्यात, कुर्डुवाडी आणि बार्शीच्या दरम्यान धावत होती.

२/ रेल्वे विलायतेतून हिंदुस्थानात आली, हे शालेय इतिहासातील परिचित वाक्य आहे. येथे मात्र प्रवास उलट दिशेने झाला. बार्शीच्या माळावर सिद्ध झालेले तंत्र इंग्लंडच्या डोंगरात गेले. दोन्ही मार्गांचा अभियंता एक, रुळांमधील अंतर एक, इंजिने बांधणारा कारखानाही एक. तरीही एक मार्ग शतकाहून अधिक काळ जगला आणि दुसरा तीस वर्षांतच बंद पडला. असे का घडले?

३/ आरंभ बार्शीपासून करावा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग मुंबईहून पुण्यामार्गे १८६० साली सोलापुरास पोहोचला. बार्शी ही मुंबई इलाख्याच्या सीमेवरील कापसाची मोठी पेठ. पलीकडे निजामाचा मुलूख. मात्र मुख्य मार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला. कुर्डुवाडीच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. प्रत्यक्ष बार्शी तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर राहिली.

४/ म्हणजे नाव रुळांवर आणि गाव बैलगाडीच्या वाटेवर. पेठेतील कापूस स्थानकापर्यंत न्यायचा तर काळ्या मातीचा रस्ता. पावसाळ्यात त्या चिखलात चाके रुतून बसत. दक्षिणेला भीमेकाठचे पंढरपूरही मुख्य मार्गापासून दूरच होते. आषाढी-कार्तिकीला लाखो पावले तिकडे वळत. त्यांच्यासाठीही लोहमार्ग नव्हता.

५/ ही उणीव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या तरुण अभियंत्याने हेरली. १८५७ साली जन्मलेला कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गाला जोडणाऱ्या स्वस्त, हलक्या रेल्वेचा त्याने ध्यास घेतला. पुढे नोकरी सोडून तो विलायतेला परतला, पण बार्शीची योजना त्याने सोडली नाही.

६/ त्याचा विचार साधा होता. रुंद मार्गाच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट. बार्शीसाठी त्याने अडीच फूट निवडले. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, हा त्याचा नियम. भार सर्व आसांवर सारखा विभागला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च उतरतो. रूळ हलके असूनही डबे मोठे आणि भरपूर माल नेणारे ठेवता येतात.

७/ या कामासाठी बार्शी लाईट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झाली. इंजिने लीड्स शहरातील किटसन कंपनीने बांधली. जहाजावर चढवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून या गाड्यांची चाचणी घेण्यात आली. बार्शीसाठी बनवलेली गाडी इंग्लंडमधील अभियंत्यांनी प्रथम तेथे पाहिली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी मार्ग खुला झाला.

८/ बार्शी लाईट पुढे वाढतच गेली. पूर्वेकडे बालाघाटचा चढ ओलांडून ती निजामाच्या मुलुखात शिरली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. दक्षिणेकडे ती पंढरपूरला आणि १९२७ साली मिरजेला गेली. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. कापूस, धान्य, बाजारकरी आणि वारकरी एकाच गाडीने जाऊ लागले. वेग बेताचा, पण गाडी हवी त्या गावाला थांबे.

९/ हा उपक्रम परोपकारासाठी नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. कंपनी लंडनची, भागधारकही बहुतांशी तिकडचे. भाडे भरणारा शेतकरी आणि वारकरी येथला. काळ्या मातीत भराव घालणाऱ्या, खडी फोडणाऱ्या मजुरांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. १९५४ साली भारत सरकारने हा मार्ग ताब्यात घेतला, तेव्हा कंपनीपर्व संपले.

१०/ आता विलायतेकडे वळावे. १८९६ साली ब्रिटिश संसदेने हलक्या रेल्वेचा कायदा केला. मुख्य मार्गांनी वगळलेल्या ग्रामीण भागांत स्वस्त लोहमार्ग व्हावेत, हा त्याचा हेतू. बार्शीची अडचण इंग्लंडच्या खेड्यांनाही होतीच! त्यामुळे लीक आणि मॅनिफोल्ड दरीच्या रेल्वेसाठी अभियंता म्हणून कॅलथ्रॉपचीच निवड झाली.

११/ लीक हे स्टॅफर्डशायरमधील रेशमाचे गाव. येथील रंगारी थॉमस वॉर्डल याने हिंदुस्थानी रानरेशमाचा अभ्यास केला, त्यासाठी १८८५-८६ मध्ये हिंदुस्थानचा प्रवासही केला. प्रख्यात कलाकार विल्यम मॉरिस नैसर्गिक रंगांची विद्या शिकण्यास त्याच्याकडेच आला होता. कापड आणि रंग यांवर जगणाऱ्या सोलापूरकराला हे गाव परके वाटू नये.

१२/ लीकच्या आग्नेयेस डोंगर सुरू होतात. तेथील चुनखडी सच्छिद्र आहे. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात मॅनिफोल्ड वेटन मिल या ठिकाणाच्या खाली सरस्वतीसारखी गुप्त होते आणि काही मैलांवर इलम गावाजवळ पुन्हा प्रकटते. कड्यावर थॉरची गुहा आहे. प्रागैतिहासिक माणूस तेथे वावरला होता. एक्टन टेकडीत तांब्याची खाण होती. अठराव्या शतकात तिने डेव्हनशायरच्या ड्यूकांना अमाप पैसा दिला. रेल्वे आली तोवर मात्र ती बंद पडली होती.

१३/ २७ जून १९०४ रोजी वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड हा सव्वाआठ मैलांचा मार्ग खुला झाला. रुळांमधील अंतर बार्शीचेच, अडीच फूट. इंजिने दोन, दोन्ही किटसनची. एकाचे नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसरे निवासी अभियंत्याच्या नावाचे, ‘जे. बी. अर्ल’.

१४/ कॅलथ्रॉपने येथे एक नवी युक्तीही वापरली. मोठ्या मार्गावरील अख्खा मालडबा उचलल्याविना एका खास वाहक गाडीवर चढवायचा आणि अरुंद रुळांवरून पुढे न्यायचा. माल उतरवून पुन्हा भरण्याचा त्रास वाचला. ब्रिटनमध्ये अशी वाहतूक प्रथम येथेच झाली. एक्टनच्या दुग्धालयाचे दूध याच पद्धतीने थेट लंडनकडे जाई.

१५/ तंत्र उत्तम होते. खोट भूगोलात होती. रूळ दरीच्या तळाने गेले आणि गावे वर पठारावर राहिली. ग्रिंडन, वेटन, बटरटन ही स्थानकांची नावे, पण त्या नावांच्या गावी जायचे तर खडा चढ चढावा लागे. बार्शी रोडची कहाणी येथे उलटी झाली. तेथे नाव आणि गाव यांतील अंतर हलक्या रेल्वेने मिटवले. येथे हलक्या रेल्वेनेच ते निर्माण केले.

१६/ सुट्टीच्या दिवशी सहलीसाठी झुंबड उडे, इतके की मालडब्यांतही माणसे बसवावी लागत. बाकीचे दिवस डबे रिकामे. आधार होता तो दुधाचा. मोटारलॉरी आल्या, १९३२ साली एक्टनचे दुग्धालय बंद झाले आणि मार्च १९३४ मध्ये गाडीही थांबली.

१७/ दोन्हीकडे रूळ हलके, इंजिने बेतशीर, अभियंता तोच. फरक होता गरजेचा. बार्शीच्या मार्गामागे भरलेली पेठ होती आणि शतकानुशतके चालत आलेली वारी होती. मॅनिफोल्डच्या मार्गापाशी रम्य दरी होती, पण पेठ नव्हती. निसर्गसौंदर्य वर्षातून काही दिवस तिकिटे विकते. कापूस, धान्य आणि विठोबा वर्षभर.

१८/ कॅलथ्रॉप पुढे विमानातील वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागला. ‘गार्डियन एंजल’ नावाची त्याची छत्री पहिल्या महायुद्धात वापरली गेली. १९२७ साली तो मरण पावला. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोहोचली होती.

१९/ मॅनिफोल्डच्या दरीतील रूळ उखडून १९३७ साली तेथे पायवाट करण्यात आली. आज त्या वाटेवरून लोक चालतात, सायकली फिरवतात. बार्शीचा अरुंद मार्ग २००८ साली रुंद झाला. त्याच गावांना जोडत त्यावरून आज मोठ्या गाड्या धावतात.

२०/ ब्रिटनच्या रेल्वे-इतिहासात मॅनिफोल्डच्या छोट्या गाडीला आजही मानाचे स्थान आहे. ते सांगताना बार्शीचे नाव घ्यावेच लागते. सोलापूरच्या इतिहासात मात्र बार्शी लाईट बहुधा आठवणींपुरतीच उरते. कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडी बदलणाऱ्या तरुण वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे : जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासलेला एक प्रयोग याच मातीवर यशस्वी झाला होता.