वरुणाचे व्रत आणि मालेगावचा संयम

भगवान महावीरांच्या काळी वैशालीचा गणाधिपती चेटक आणि मगधाचा राजा कूणिक, म्हणजेच अजातशत्रू, यांच्यात घोर संग्राम झाला. त्याचे वर्णन भगवतीसूत्रात आले आहे. वैशालीच्या बाजूने लढणाऱ्यांत वरुण नावाचा एक श्रावक होता. राजाज्ञेने तो उपवास चालू असतानाच रथावर चढला. परंतु जो आपल्यावर प्रथम प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करायचा, इतर कोणावरही नाही, असे व्रत घेऊन. समोरचा योद्धा ‘आधी तू मार’ म्हणून डिवचू लागला, तरी वरुणाने शस्त्र चालविले नाही. शत्रूचा बाण लागल्यावरच त्याने प्रतिबाण सोडून त्या एकाचा वध केला. नंतर रणांगणाबाहेर येऊन, अंगातील बाण काढून, त्याने समाधिमरण पत्करले. त्याच संग्रामात लक्षावधी माणसे मेल्याचे सूत्रात सांगितले आहे. ज्याने मारले त्यालाच उत्तर देणारा वरुण मात्र आजही स्मरणात आहे.

जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य आहे. आक्रमकाला थोपविताना होणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णतः टाळता येत नाही. पण तिला मर्यादा आहे. अपराध्याला रोखणे वेगळे आणि अपराध्याच्या गावाला, जातीला वा देशाला जाळणे वेगळे. दहशतवादाच्या युगात या भेदाची कसोटी लागली.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत सुमारे ३,००० निरपराध माणसे मारली गेली. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. हे युद्ध २० वर्षे चालले. हल्ल्याशी काडीचाही संबंध नसलेले असंख्य अफगाण नागरिक त्यात बळी पडले, आणि जी तालिबानी राजवट उलथून टाकली होती तीच १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये परतली. या वणव्याची ठिणगी नाशिक जिल्ह्यातही पडली. अमेरिकी मालावर बहिष्कार घाला, अशी पत्रके २६ ऑक्टोबर २००१ रोजी मालेगावात वाटली जात असताना पोलिसांशी झटापट झाली, तिचे पर्यवसान दंगल व गोळीबारात झाले आणि दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. माग चालविणारे बहुतांशी मुसलमान, तर सूत पुरविणारे आणि कापड उचलणारे अनेक व्यापारी हिंदू व जैन. उभ्या-आडव्या धाग्यांप्रमाणे दोघांचा प्रपंच एकमेकांत विणलेला. दंगलीने तो धागा तुटला होता. त्यामुळे ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी बडा कब्रस्तान व मुशावरत चौक या परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो जखमी झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या काळजाचा ठोका चुकला. स्फोटांनंतर जमावाचा क्षोभ उसळला, संचारबंदीही लागली. पण हिंदू-मुस्लिम दंगल झाली नाही. स्फोट घडविणाऱ्याला जे हवे होते ते मालेगावने त्याला दिले नाही.

मात्र जो संयम नगराने पाळला तो तपासाला पाळता आला नाही. मुस्लिम समाजातीलच ९ जणांना अटक झाली. त्यांतील ७ जण नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे ५ वर्षांनी, जामिनावर सुटले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपींना आरोपमुक्त केले. त्यांतील एक जण तोवर हयात नव्हता. शस्त्र न उचलताही निरपराधावर प्रहार होऊ शकतो, तो असा. सैन्याचा बॉम्ब जसा अंध असू शकतो, तशी घाईची बेडीही अंध असते.

अहिंसेचा हा विचार दुबळ्यांचा, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि स्वतः गोळ्या झेलल्या. त्यामुळेच तो जिवंत सापडला. त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. देशभर संताप होता, युद्धाची मागणी होती; तरी भारताने युद्ध पुकारले नाही. कसाबला वकील मिळाला, तीन न्यायालयांत त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. मृत्युदंडाविषयी अहिंसावाद्याचा मतभेद राहील. परंतु त्याच खटल्यात पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. ज्याचा प्रहार सिद्ध झाला त्यालाच दंड झाला.

हा मार्ग सुखाचा नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावातील भिक्खू चौकात झालेल्या स्फोटात ६ जण मृत्युमुखी पडले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केले. जवळजवळ १७ वर्षे वाट पाहून त्या सहा घरांच्या पदरी उत्तर पडले नाही. आरोपींनीही ती वर्षे खटल्याच्या छायेत काढली. पुरावा नसता शिक्षा न होणे हे न्यायाचेच अंग आहे. पण पुरावा वेळेवर आणि प्रामाणिकपणे गोळा न होणे हे समाजावरील न फिटलेले ऋण आहे. जो समाज जनतेकडे संयम मागतो, त्याने हे ऋण फेडायला हवे. नाहीतर संयमाचा उपदेश पोकळ ठरतो.

वरुणाला आपला प्रहारकर्ता समोर दिसत होता. आजचा प्रहारकर्ता अंधारात असतो. म्हणून त्याला शोधून काढण्याचे कष्ट मोठे आणि तो सापडेपर्यंत हात आवरण्याचे व्रत अधिक कठीण. मालेगावच्या सामान्य माणसांनी २००६ मध्ये ते निभावले. अहिंसेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक समाजाने त्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे.