तैपूसम : पळनीची कावड

श्रोतेहो, फळाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली. कार्तिकस्वामी मोरावर बसून निघाले, गणरायांनी आईबापांना प्रदक्षिणा घातली आणि फळ मिळवलं. आपण गणरायांचा जयजयकार करून मोकळे होतो. पण तो दुसरा मुलगा गेला कुठं, हे कुणी विचारतं का?

तो रुसून दक्षिणेला गेला. तमिळ देशात पळनीच्या डोंगरावर दंड घेऊन, लंगोटी लावून उभा राहिला. आईबाप समजूत काढायला आले. म्हणाले, बाळा, फळ तूच आहेस. तमिळमध्ये 'पळम् नी' म्हणजे 'फळ तू'. त्यावरून पळनी, असं तिथले भाविक सांगतात. नक्कीरर कवीच्या नावावर असलेल्या 'तिरुमुरुगाट्रुप्पडै' या प्राचीन काव्यात मुरुगनची सहा क्षेत्रं गायली आहेत, त्यांतलं हे एक. आपल्याकडे स्वामी थोरले, तिकडे मुरुगन धाकटा. आपल्याकडे ब्रह्मचारी, तिकडे वल्ली आणि देवसेना दोहों बाजूंना. वाद घालू नये. देव तोच आहे.

तै महिन्यात पुष्य नक्षत्राला, पौर्णिमेच्या सुमारास, तैपूसम येतो. पार्वतीमातेनं मुलाच्या हाती 'वेल' म्हणजे भाला दिला, तो हा दिवस. त्या भाल्यानं पुढं शूरपद्म असुराचे दोन भाग झाले. एकाचा मोर झाला, एकाचा कोंबडा. मोर वाहन केला, कोंबडा ध्वजावर घेतला. वैरी होता, तोही पदरी घेतला बरं का!

आता कावडीचं ऐका. अगस्तींचा शिष्य इडुंबन, जातीचा असुर. गुरूच्या आज्ञेनं दोन टेकड्या काठीला बांधून, खांद्यावर घेऊन तो दक्षिणेला निघाला. पळनीला टेकला, आणि पुन्हा उचलायला गेला तर टेकडी हलेना! वर एक पोर उभं. इडुंबन चिडला, लढला, पडला. देवानं त्याला उठवलं आणि दारी ठेवलं. त्यानं मागितलं काय? माझ्यासारखी कावड घेऊन जो येईल, त्याच्यावर कृपा कर. आजही भाविक डोंगर चढताना आधी इडुंबनाला नमस्कार करतात.

इंग्रजांच्या अमलात तमिळ मजूर पोटासाठी मलायात गेले; मळ्यांवर राबले. कावड त्यांनी सोबत नेली. क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांत १८९२ सालापासून तैपूसम भरतो. आज तिथं २७२ पायऱ्या चढून कावडी वर जातात. विचार करा मायबाप, वर्षभर ज्यांनी दुसऱ्याची ओझी वाहिली, ते सणाच्या दिवशी आणखी एक ओझं का घेतात? कारण ते ओझं मालकानं लादलेलं नसतं, आपण होऊन घेतलेलं असतं.

आपणही चैत्रात शिखर शिंगणापूरला कावड चढवतोच की. खांदा दुखतो, पण मन हलकं होतं. इडुंबनाची टेकडी हलली नाही, कारण तिच्यावर त्याचा 'मी' बसला होता. तो खाली ठेवा, मग कावड उचला.