वर्ग म्हणजे समाज नव्हे

मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं एखाद्या जोडप्याने ठरवलं की पहिला प्रश्न अभ्यासाचा येत नाही. गणिताचं काय, परीक्षांचं काय, हे लोक नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘चार मुलांत मिसळणार कसं?’ आजी-आजोबा हेच विचारतात, सोसायटीतले शेजारी हेच विचारतात, तापाला औषध घ्यायला गेलं तर डॉक्टरही हेच विचारतात. यामागचा समज असा, की समाजाचं दार शाळेत उघडतं. ते टाळलं की मूल घरकोंबडं होणार, आईचा पदर सोडणार नाही, आणि पुढे चारचौघांत त्याचा निभाव लागणार नाही. अशा कुटुंबांचं हिंडणं-फिरणं, म्हणजे बाजार, टेकडी, संग्रहालय, एसटीचा प्रवास, हेही मग हौसेच्या खात्यात टाकलं जातं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन मुलं घेऊन बसस्टॉपवर उभी असलेली आई ही मुलांची शाळा बुडवणारी आई ठरते.

मला हा समज चुकीचा वाटतो. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला समाज भेटतो तो रोजच्या कामात, बाजारात, प्रवासात. ज्या वर्गाला आपण समाज समजून बसलो आहोत, तो समाजाचा फार अरुंद तुकडा आहे. मात्र खंडन करायचं तर पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये. हा पूर्वपक्ष महाराष्ट्रात विशेष बळकट आहे आणि त्याची कारणं इथल्या इतिहासात आहेत.

अमेरिकेत जॉन होल्टने १९७७ साली गृहशिक्षणासाठी नियतकालिक सुरू केलं, तेव्हा त्याची तक्रार शाळेत मुलांच्या मनात बसणाऱ्या भीतीविषयी होती. आपल्याकडे त्याआधीचा एक प्रश्न आहे. घरी पंतोजी ठेवून शिकणारी मुलं कोणाची होती? मुलींना आणि शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर ठेवणारी भिंत घराचीच तर होती. ती फोडण्यासाठी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पुणे नगरपालिकेने भाजी मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करायचं ठरवलं, तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा ‘शाळा नको, मंडई पुरे’ असं कोणी पुण्यात म्हणू लागला, तर त्याला आधी जोतीरावांना उत्तर द्यावं लागेल.

दुसरं कारण पोटाचं आहे. या देशात कोट्यवधी मुलांना दुपारचं धड जेवण शाळेत मिळतं. घरात मारहाण होणाऱ्या मुलाकडे बाहेरच्या एखाद्या प्रौढाचं लक्ष जातं, तेही बहुधा शाळेतच. म्हणून शाळा बंद करा, असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये.

आता उत्तरपक्ष. जोतीराव ज्या शाळेसाठी भांडले ती विद्येपासून दूर ठेवलेल्यांना आत घेणारी शाळा होती. घरी शिकणाऱ्या मुलाला ‘समाजात कसं मिसळणार’ असं विचारणारे बहुतेक लोक आपली मुलं कुठे पाठवतात? शहरातल्या मध्यमवर्गीय शाळेचा एक वर्ग पाहा. चाळीस मुलं, सगळी एका वर्षाच्या आत-बाहेर जन्मलेली, जवळपास सारखी फी भरणाऱ्या घरांतली. त्यांना शाळेत सोडणारा रिक्षावाला आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी रोज दिसतात, पण त्यांची मुलं शेजारच्या बाकावर नसतात. हे अंतर थोडं कमी व्हावं म्हणून शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना या जबाबदारीतून सूट देणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. समाजात मिसळण्याची एवढी काळजी असलेल्या वर्गातून त्या नियमाविरुद्ध किती आवाज उठले, हे ज्याने-त्याने आठवून पाहावं.

एकाच वयाची मुलं एका खोलीत बसवण्याची पद्धतही सनातन नाही. ती रूढ झाली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी गावोगावच्या शाळांत मोठी मुलं धाकट्यांना धुळाक्षरं गिरवायला शिकवत. मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेलने ही रीत उचलली, १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. मारिया माँटेसरीने १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडलं, त्यातही वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र होती. तीन वर्षांचं मूल पाच वर्षांच्या मुलाकडे पाहून शिकतं आणि पाच वर्षांचं मूल धाकट्याला सांगताना स्वतः पक्कं होतं, हे तिच्या पद्धतीतलं मर्म आहे.

तिच्याच विचारांतून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचं काम उभं राहिलं. ताराबाईंनी बोर्डी-कोसबाड परिसरात जे केलं, त्याकडे आपण पुरेसं पाहिलेलंच नाही. वारली मुलं गुरं राखायला जात आणि शाळेत येत नसत. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी त्या मुलांना आळशी म्हटलं नाही. शिक्षकच कुरणात गेले. मुलं जिथे काम करत होती तिथे, गुरांच्या मागे हिंडत, गवत-झाडं-पक्षी पाहत शिकणं सुरू झालं. या शाळेचं नाव कुरणशाळा. मुलाचं रोजचं जगणं आणि भटकणं हीच त्याच्या शिक्षणाची जागा होऊ शकते, हे महाराष्ट्राने बाहेरून शिकण्याची गरज नाही. ज्यांना गरिबांच्या शिक्षणाचा कळवळा होता, त्यांनीच ते इथे करून दाखवलं आहे.

आता रोजच्या व्यवहारात हे कसं घडतं ते सांगते. माझी मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा चार. मंडईत आम्ही गर्दी ओसरल्यावर जातो. पिशवी मुलीकडे आणि पैसेही तिच्याकडेच. ‘मावशी, मेथी कशी दिली?’ ‘वीसला जुडी.’ ‘दोन घेतल्या तर?’ ‘पस्तीस दे.’ मुलगी थांबली. वीस नि वीस चाळीस होतात, मग पस्तीस कसे? तिने हे मला न विचारता मावशींनाच विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘दुपार झाली बाळा, ऊन लागून पाला सुकतो. घरी नेऊन काय करू?’ तेवढ्यात धाकट्याने टोमॅटो दाबून पाहिला. त्याला तिथल्या तिथे समज मिळाली, ‘दाबायचा नाही, उचलून बघायचा.’ तेव्हापासून तो टोमॅटो उचलूनच बघतो. घरी मी हेच सांगून थकले होते.

यात बेरीज आहेच, पण तिचं मला फार अप्रूप नाही. बेरीज पाटीवरही येते. नाशवंत मालाचा भाव दुपारी का उतरतो, हे सात वर्षांच्या मुलीला कळलं, आणि ज्या बाईचं पोट त्यावर आहे तिच्याच तोंडून कळलं. साठीच्या एका अनोळखी बाईशी तिने गिऱ्हाईक म्हणून, बरोबरीच्या नात्याने बोलणं केलं. वर्गात मुलाला प्रौढ भेटतो तो एकाच नात्याने, शिकवणारा आणि तपासणारा म्हणून. बसमध्ये, टपालकचेरीत, शिंप्याच्या दुकानात, वाचनालयात तो विकणारा असतो, अडवणारा असतो, मदत करणारा असतो, कधी खेकसणाराही असतो. खेकसणाऱ्याशी कसं बोलायचं हेही शिकावं लागतं. कंडक्टरने सुट्टे मागितले आणि आपल्याकडे नसले तर गयावया न करता काय म्हणायचं, हे मुलीने बसमध्येच पाहून उचललं.

लांबच्या सहलींचंही तसंच. जुन्नरहून घाटघरच्या बाजूने नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणं कठीण नाही. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. तिच्या भिंतीवरच्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे कोरले आहेत, आणि अंकचिन्हांच्या भारतातल्या जुन्या दाखल्यांत तो लेख गणला जातो. पुस्तकातली नक्कल हातात धरून आम्ही भिंत पाहत होतो. दोन आडव्या रेघा दिसताच मुलगी म्हणाली, ‘हे तर बरोबरचं चिन्ह!’ ते दोन आहेत हे कळल्यावर तिने एक शोधला, तो एका आडव्या रेघेचा. मग शून्य शोधलं. ते सापडेना, कारण त्या अंकांत शून्य नाहीच. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं. शून्याशिवाय हिशेब कसा ठेवत असतील, हा प्रश्न परतीच्या वाटेवर तिचा तिने काढला. मुलाला यातल्या कशातही रस नव्हता. तो सारा वेळ दगडी रांजणापाशी होता. जकातीची नाणी त्यात टाकत असं म्हणतात, आणि तो भरायला किती नाणी लागतील एवढंच त्याला हवं होतं. चार वर्षांच्या मुलाने त्या जागेतून तेवढंच घेतलं. तेच त्याच्या वयाला रास्त होतं.

रवींद्रनाथ ठाकुरांना वडिलांनी १८७३ साली, ते अकरा-बारा वर्षांचे असताना, सोबत घेऊन अमृतसर आणि पुढे डलहौसीच्या डोंगरात नेलं. वाटेत संस्कृत, इंग्रजी, रात्री आकाशातले तारे. शाळेत ज्याचा जीव रमला नाही त्या मुलाला त्या प्रवासाने काय दिलं, ते सर्वांना ठाऊक आहे. मात्र जमीनदाराच्या घरची ही गोष्ट मी पुरावा म्हणून पुढे करणार नाही. घरी शिकणाऱ्या मुलांच्या सामाजिक कौशल्यांवर अमेरिकेत जे अभ्यास झाले आहेत, त्यांचे निष्कर्ष बरेचसे या मुलांच्या बाजूचे आहेत. तेही मी ओढूनताणून वापरत नाही, कारण त्यांतल्या अनेकांत आपणहून पुढे आलेलीच कुटुंबं मोजली गेली. डोळ्यांसमोर तपासता येईल तेवढंच मी मांडते आहे: तुमचं मूल एका आठवड्यात किती वेगवेगळ्या वयांच्या, किती वेगवेगळ्या कामांतल्या माणसांशी स्वतः बोलतं, ते मोजा. मग कोण समाजात आहे ते ठरवा.

हीच मोजपट्टी घरी शिकवणाऱ्यांनाही लावली पाहिजे. काही कुटुंबं फक्त एकमेकांना भेटतात. सगळी सारख्या शिक्षणाची, सारख्या उत्पन्नाची, बहुधा एकाच भाषेची. त्यांच्या मुलांची समाजापासूनची फारकत कोणत्याही महागड्या शाळेइतकीच पक्की आहे, आणि तिथे आक्षेप घेणाऱ्यांचंच बरोबर आहे. दुसरा दोष सहलीचा तास करण्याचा. किल्ल्यावर मूल मुंग्यांची रांग पाहत बसलं असताना त्याच्या हातात प्रश्नपत्रिका कोंबायची असेल, तर शाळेत पाठवणं बरं. तिथे निदान मधली सुट्टी असते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो फार थोडे लोक घेतात. घरी राहणार कोण? बहुतेक ठिकाणी आई. नोकरी सोडते ती, बढतीला मुकते ती, आणि ‘तुला आवडतंच ना मुलांबरोबर राहायला’ हे ऐकते तीही. जोतीराव-सावित्रीबाईंनी बाईला घराबाहेर आणलं. ज्या शिक्षणपद्धतीपायी ती परत आत जाते, तिला पुरोगामी म्हणवून घेण्याचा हक्क नाही. आमच्या घरी आम्ही दोघांनी कामाचे तास कमी केले आणि कमाईतली घट दोघांनी सोसली. हे सगळ्यांना परवडणारं नाही, हे मला ठाऊक आहे. जिथे घरी शिकवण्याचा सारा भार एकट्या बाईवर पडतो, तिथे मुलाने शाळेत जावं, असंच मी सांगेन.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाला लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्याने पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. सहाच्या आतल्या मुलाला तो प्रश्नच येत नाही. पुढे परीक्षा द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे.

शाळेच्या वेळेत एखादं मूल बसमध्ये, बाजारात किंवा संग्रहालयात दिसलं तर त्याच्या आईला ‘शाळा बुडवली का?’ असं विचारू नका. मुलालाच विचारा, काय पाहिलंस? तुम्ही एखाद्या वाचनालयाच्या किंवा संग्रहालयाच्या कार्यकारिणीवर असाल, तर एक विनंती. बालविभाग फक्त संध्याकाळी उघडत असेल, तर आठवड्यातून एक सकाळ तो उघडा ठेवा, आणि जवळच्या पालिका शाळेतल्या मुलांनाही त्याच वेळी बोलवा.