देणारी बहुतेक बाई

1988 साली मी महापालिकेच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून रुजू झाले. केसपेपरच्या खिडकीला लागून आमची खोली. टेबलाच्या खणात आधीच्या बाईंनी ठेवलेली एक लांबट वही होती. रुग्णाचं नाव, मूत्रपिंड देणाऱ्याचं नाव आणि शेवटी ‘नाते’. त्या रकान्यावरून बोट फिरवत गेले: आई, आई, बायको, बहीण, आई. मध्येच एखादा भाऊ. नवरा शोधायला पानं उलटावी लागली.

मूत्रपिंडाच्या रोपणाचा इतिहास डॉक्टर लिहितात तेव्हा तो 1954च्या डिसेंबरात बोस्टनला सुरू होतो. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. रक्तमांस एकच, म्हणून शरीराने ते परकं मानलं नाही. आपल्याकडे 1965 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी मृताचं मूत्रपिंड बसवून पाहिलं, पण रुग्ण वाचला नाही. यश आलं ते 1971मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, जिवंत दात्याकडून. याच सेन यांनी फेब्रुवारी 1968मध्ये हृदयसुद्धा बदललं होतं. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असं म्हणणारा कायदा तेव्हा या देशात नव्हता. धाडस म्हणतात ते हेच.

माझ्या वहीचा इतिहास वेगळा. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध आलं आणि वही बदलली. नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून निघालेलं हे औषध 1983 साली अमेरिकेत मान्य झालं, मग आपल्याकडेही पोचलं. ते घेतलं की शरीर परक्याचं मूत्रपिंडही बऱ्यापैकी सोसायचं. रोग्याला हा दिलासा होता. पण परक्याचं चालतं म्हटल्यावर ते विकत घेता येतं, हे कळायला कोणाला फार वेळ लागला नाही. 1984 ते 1988 या काळात अमिरात आणि ओमानमधल्या 130 जणांनी मुंबईत विकतच्या मूत्रपिंडाचं रोपण करून घेतलं. त्यांची हकीकत 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. जवळजवळ पाचवा हिस्सा वर्षभरात दगावला होता. देणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते मोजायला कोणी गेलं नव्हतं.

आमच्याकडे परदेशातले श्रीमंत रुग्ण येत नसत, तरी विक्रीचे मासले यायचे. एकदा एक तरुण ‘मावसभाऊ’ म्हणून समोर बसला. मी सहज विचारलं, “मावशीचं नाव काय रे?” तो रुग्णाकडे बघायला लागला. रुग्ण छताकडे. मग हळूच म्हणाला, “बाई, सावकाराचं देणं आहे.” मी कागद परत केले आणि त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आता वाटत नाही. तो दुसऱ्या दारात गेलाच असणार. पुढे 2002 साली चेन्नईतल्या 305 विक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 96 टक्के लोकांनी कर्ज फेडायला मूत्रपिंड विकलं होतं आणि त्यांतले तीनचतुर्थांश तेव्हाही कर्जातच होते.

1994च्या अवयवरोपण कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यू मान्य केला. 4 फेब्रुवारी 1995ला तो लागू झाला तेव्हा राज्यांपैकी महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश एवढीच त्यात होती. नातेवाईक नसलेल्याने ‘प्रेमापोटी’ दिलं तर समितीने परवानगी द्यावी, अशी एक खिडकी कायद्यात राहिली. दलालांनी त्या प्रेमाचा जेवढा वापर केला तेवढा सिनेमावाल्यांनीही केला नसेल.

कायद्याने आमच्या पदरात नवं काम टाकलं: मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांना अवयव द्याल का, हे विचारण्याचं. ऑपरेशन शिकवायला कॉलेजं आहेत, पण आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला कसं विचारायचं हे आम्ही विचारून विचारूनच शिकलो. मेंदूमृत्यू झालाय का हे चार डॉक्टर तपासतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. श्वासाचं यंत्र थोडा वेळ काढून आपोआप श्वास येतो का तेही बघतात. एवढं झाल्यावर आम्ही जायचं. पंचविशीतल्या एका मुलाचा भाऊ मला म्हणाला होता, “छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, आणि तुम्ही म्हणता गेला?” माझ्याकडे उत्तर होतं, पण त्या बाकावर ते बोलण्याजोगं नव्हतं. मी नुसती शेजारी बसले. दोन तासांनी त्याच्या आईनेच विचारलं, “कुठे सही करायची?” अपघाताची केस, म्हणजे पुढे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. शेजारी बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच होता, “बॉडी कधी मिळणार?” तोही खोटा नव्हता.

2013 साली देशभरात सगळ्या अवयवांची मिळून 4,990 रोपणं झाली, 2023मध्ये 18,378. वाढ मोठी आहे. पण 2023मध्ये मृत्यूनंतर अवयव देणारे होते 1,099, एवढ्या मोठ्या देशात. बाकी सगळा भार जिवंत माणसांवर. 2018 ते 2023 या वर्षांत 56,509 जिवंत दात्यांपैकी 36,038 बायका होत्या. घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. कमावत्याला कापायचं नाही, हा आपला अलिखित नियम. कमावत्या बायकाही मात्र त्यातून सुटत नाहीत. 31 वर्षांत मी नवऱ्याने बायकोला दिलेली मूत्रपिंडं बोटांवर मोजली. सासूने सुनेला दिलं असं एकदाच घडलं. त्या सासूने रकान्यात ‘आई’ लिहायला सांगितलं. मी खोडून ‘सासू’ लिहिलं. कायद्याच्या ‘जवळच्या नातेवाइकां’त सासू बसत नाही, म्हणून समितीपुढे आमच्या चार फेऱ्या झाल्या.

अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं तरी घरच्यांच्या सहीशिवाय आपल्याकडे कोणी पुढे जात नाही. माझं कार्ड देवघराच्या खणात, रेशनकार्डाखाली आहे. मुलाला सांगितलंय, सुनेला जागा दाखवून ठेवलीय. तुम्हीही आज जेवताना घरात हे एकदा बोलून टाका.