दोन पेपर, घर एकच : केसरी-मराठापासून गुगलपर्यंत



आपल्या नरखेड तालुक्यात आता न्यूज पोर्टलांची कमी नाही. एकाच माणसाच्या दोन-तीन वेबसाईट, वर फेसबुक पेज, हेही नेहमीचंच. मग आपल्याच एका साईटवरून आपल्याच दुसऱ्या साईटची लिंक देणं बरोबर की लबाडी? प्रश्न इंटरनेटचा वाटतो, पण मराठी पत्रकारितेपुढे तो १८८२ मध्येच उभा राहिला होता.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात एकाच मंडळींनी दोन साप्ताहिकं काढली. २ तारखेला इंग्रजी 'मराठा', ४ तारखेला मराठी 'केसरी'. केसरीचे संपादक आगरकर, मराठाची जबाबदारी टिळकांवर. यात लपवाछपवी काहीच नव्हती. एक पेपर मराठी वाचकांसाठी, दुसरा इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी आणि सरकारच्या कानावर घालण्यासाठी. दोन्हींचं घर एकच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग कोल्हापूरचं प्रकरण आलं. तिथले कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करतात, असे आरोप या पेपरांतून झाले. आधार होता काही पत्रांचा. बर्वे कोर्टात गेले आणि ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. सुटल्यावर लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं, कारण हेतूवर कोणाला शंका नव्हती.

पण आपल्या कामाचा धडा वेगळा आहे. बातमी दोन पेपरांत आली म्हणून साक्षीदार दोन झाले नाहीत. खाली पुरावा तोच होता, आणि तो खोटा होता.

आता गुगलकडे या. १९९८ मध्ये स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, यांनी शोधाची एक पद्धत मांडली. एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत. ज्याला वजनदार पानांची मतं जास्त, ते वर. कल्पना झकास, पण मत आलं की बोगस मतदानही आलंच. लोकांनी शेकडो रिकाम्या साईट उभ्या केल्या आणि सगळ्यांतून आपल्याच धंद्याच्या साईटला लिंका दिल्या. एप्रिल २०१२ मध्ये गुगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि असल्या जाळ्यातल्या कित्येक साईट एका झटक्यात खाली गेल्या.

म्हणजे स्वतःच्या साईटला लिंक देणं गुन्हा आहे का? अजिबात नाही. संत्र्याच्या बागेची माहिती एका साईटवर आणि कलमं विकायची साईट दुसरी असेल, तर वाचकाच्या सोयीसाठी एक लिंक द्या ना. फक्त "हीसुद्धा आमचीच साईट" हे लिहा. प्रत्येक पानाच्या तळाशी तीच लिंक पन्नासदा चिकटवू नका. पैसे घेऊन दिलेली लिंक असेल तर तशी खूण करा, त्यासाठी गुगलनं २०१९ पासून वेगळी खूणच ठेवली आहे. मी एकच कसोटी लावतो : गुगल उद्या बंद पडलं, तरी ही लिंक वाचकाच्या कामाची राहील का? राहत असेल तर बिनधास्त द्या.

हे सगळं इतकं का सांगतो? मोवाडनं १९९१ चा वर्धा नदीचा पूर पाहिला आहे. पावसाळ्यात "धरणाचं पाणी सोडलं" अशी एक ओळ एका पोर्टलवर पडते. त्याच मालकाचं दुसरं पोर्टल पहिल्याचा हवाला देतं आणि फेसबुक पेज दोघांचा. वाचकाला वाटतं, तीन ठिकाणी आलं म्हणजे खरंच असेल. खोटं असलं तर लोक उगाच रात्रभर धावतात. आणि खरा इशारा येतो त्या दिवशी कोणी हलत नाही. हा धोका मोठा.

म्हणून पोर्टल चालवणाऱ्या मित्रांना विनंती : मालकी उघड लिहा, आणि हवाला द्यायचा तर तहसीलचा किंवा जलसंपदा विभागाचा द्या, आपल्याच दुसऱ्या साईटचा नको. वाचकांनीही तीन बातम्या दिसल्या की आधी विचारावं : साक्षीदार तीन आहेत, की एकच माणूस तीन तोंडांनी बोलतोय?

तुमचं मत खाली जरूर लिहा.