मेंदूवरील किरणोपचार : पुराव्याची कहाणी

विल्हेल्म रोंटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि अवघ्या काही महिन्यांत वैद्यांनी ते रोग्यांवर वापरून पाहण्यास प्रारंभ केला. पुढे मेंदूतील गाठींवरही हा उपचार होऊ लागला. शस्त्र जेथे पोहोचत नाही तेथे किरण पोहोचतात, ही गोष्ट इतकी उघड वाटे की, निराळा पुरावा मागण्याचे फारसे कोणास सुचले नाही. रोगी सुधारला तर तो किरणांचा गुण. दगावला तर गाठच दुर्धर! असल्या हिशेबात चूक कधी सापडावयाचीच नाही.

हा हिशेब तपासण्याची रीत १९४८ साली इंग्लंडात क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनच्या चाचणीने रूढ केली. कोणत्या रोग्यास कोणता उपचार द्यावयाचा हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता, जणू चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. कारण वैद्य कितीही सचोटीचा असला, तरी नव्या उपचारासाठी त्याचा हात नकळत धडधाकट रोग्याकडेच वळतो. मेंदूच्या घातक गाठींबाबत अशी मोठी अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली ती १९७८ साली. केवळ शुश्रूषा लाभलेल्यांपैकी निम्मे रोगी १४ आठवड्यांत दगावले. किरणोपचार घेतलेल्यांत हीच मुदत सुमारे ३५ आठवड्यांची होती. उपचार खरा ठरला, पण तोवर रोंटजेनच्या शोधाला ऐंशीहून अधिक वर्षे उलटली होती.

सावकाश वाढणाऱ्या गाठींचा प्रश्न अधिक बिकट होता. किरण लगेच द्यावेत की गाठ वाढेपर्यंत थांबावे, याची युरोपातील चाचणी २००५ साली पूर्णत्वाने प्रसिद्ध झाली. लगेच किरण दिल्याने गाठ उशिरा वाढली. आयुष्य मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, सात वर्षांहून थोडे अधिक. रोगी किती जगला हे मोजले गेले. कसा जगला, हे मोजावयाचे राहूनच गेले.

बडोद्याच्या तरसाली भागातील एखाद्या मराठी घरात मुलाच्या मेंदूत गाठ निघाली, तर नातलगांच्या तोंडी पहिले नाव बहुधा मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे येते. परळ येथे १९४१ साली उघडलेल्या याच रुग्णालयात त्या राहिलेल्या प्रश्नाला हात घातला गेला. किरणांचा झोत गाठीच्या आकाराबरहुकूम नेमका बेतण्याची नवी पद्धत तेव्हा आली होती. भोवतालचा निरोगी मेंदू वाचतो, म्हणजे ती चांगलीच असणार, असे मानणे सोपे होते. डॉ. राकेश जलाली व त्यांचे सहकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाचे, सावकाश वाढणाऱ्या वा सौम्य गाठींचे २०० रोगी त्यांनी यदृच्छेने दोन गटांत विभागले. मात्रा दोहोंस सारखीच, सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ५४ ग्रे. फरक होता तो केवळ पद्धतीचा. पुढे पाच वर्षे त्यांची बुद्धी व स्मरणशक्ती वेळोवेळी तपासण्यात आली. केवढी चिकाटी ही!

निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नव्या पद्धतीच्या गटात बुद्ध्यंक अधिक चांगला टिकला. अंतःस्रावी ग्रंथींचे नवे विकार त्या गटात ३१ टक्के, तर जुन्या पद्धतीच्या गटात ५१ टक्के आढळले. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६ व ९१ टक्के होते. वरवर पाहता येथे जुन्या पद्धतीचे पारडे जड दिसते. परंतु दोनशे रोग्यांत एवढे अंतर निव्वळ योगायोगानेही पडते. आकडा वाचणाऱ्याने येथेच सावध राहावयाचे असते. शिवाय ही चाचणी एकाच रुग्णालयातील आहे, हेही विसरून चालत नाही.

आता टाटा संस्थेच्या खारघर केंद्रात प्रोटॉन झोताचे यंत्र आले आहे. निरोगी मेंदू त्याने आणखी वाचेल, अशी अपेक्षा आहे. मुलाचा बुद्ध्यंक त्यामुळे किती टिकतो, हे पुन्हा वर्षानुवर्षे मोजूनच पाहावे लागेल.