विधानसभा (भारतातील घटकराज्यांची)

भारतीय संघराज्याच्या प्रत्येक घटकराज्यात प्रौढ मतदारांनी थेट निवडून दिलेले कायदे करणारे सभागृह. राज्यपाल, विधानसभा आणि असल्यास विधानपरिषद मिळून राज्याचे विधिमंडळ होते (अनुच्छेद १६८). मुख्यमंत्री व त्यांचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते; तेथील बहुमत गेले की सरकार जाते. विधानसभा ही संसदेची शाखा नव्हे. राज्यसूचीतील विषयांवरचा तिचा अधिकार थेट राज्यघटनेतून येतो. मात्र तिने संमत केलेल्या विधेयकावर सही करणारा राज्यपाल केंद्राच्या सल्ल्याने नेमला जातो आणि राज्याच्या सीमा बदलण्याची सत्ता संसदेकडे असते. केंद्र-राज्य संबंधांतील बहुतेक मोठे वाद या दोन गोष्टींतून आणि पैशाच्या प्रश्नातून उभे राहिले आहेत.

या सभागृहाची मुळे वसाहतकाळात आहेत. १८६१ च्या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते काही जादा सदस्य नेमले जाऊ लागले. १९१९ च्या सुधारणांनी द्विदल राज्यपद्धती आणली : शिक्षण, आरोग्य ही खाती मंत्र्यांकडे, पोलीस आणि जमीन महसूल गव्हर्नरकडेच. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता मिळाली आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताची १७५ सदस्यांची विधानसभा निवडून आली. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांवर बेतलेला असल्याने बहुसंख्य प्रौढ मतदारयादीबाहेरच राहिले. तरीही ते सभागृह तोलामोलाचे होते. बाळ गंगाधर खेर सरकारचे प्रमुख, गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष आणि विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी त्याच वर्षी कोकणातील खोतीची जमीनधारा पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. हिंदी नेत्यांना न विचारता देश महायुद्धात ओढला गेला, म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले. प्रौढ मताधिकारावर निवडलेली विधानसभा १९५२ मध्ये प्रथम भरली.

सदस्यसंख्या ६० ते ५०० असावी असा नियम आहे. गोवा व मिझोराम (प्रत्येकी ४०) आणि सिक्कीम (३२) हे अपवाद. उत्तर प्रदेशात ४०३, तर महाराष्ट्रात २८८ जागा असून त्यांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मुदत पाच वर्षे. मंत्र्यांची संख्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असू नये, हे बंधन २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आले. आमदार राज्यसभेचे सदस्य निवडतात आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत देतात. महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते.

दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये, एवढेच घटना सांगते. वर्षात किती दिवस बसावे याबद्दल ती गप्प आहे आणि या मौनाची किंमत मतदार मोजत आला आहे. महाराष्ट्रात अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन, १९५३ च्या नागपूर करारातील वचनाप्रमाणे, नागपुरात भरते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे आणि उपप्रश्नांना सामोरे जायचे. लक्षवेधी सूचनेने तातडीचा सार्वजनिक प्रश्न पुढे आणायचा. मागण्यांवर कपात सूचना द्यायची, अशी आमदाराची आयुधे आहेत. यांहून कमी दिसणारे पण अधिक टिकाऊ काम समित्यांत होते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून खर्च तपासते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले ते विचारते. अधिवेशन चार दिवसांनी आखूड झाले तर बुडतात ते तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना. विधेयके शेवटच्या दिवशी गोंधळातही संमत होतात. सदस्याला सभागृहाबाहेर किती काळ ठेवता येते, यालाही मर्यादा आहे. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातील १२ आमदारांचे वर्षभरासाठी झालेले निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द ठरवले, कारण निलंबन चालू अधिवेशनापलीकडे नेले तर मतदारसंघच प्रतिनिधीविना राहतो.

सभागृह बसलेले नसताना राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढू शकतात (अनुच्छेद २१३). पुन्हा बैठक सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो संमत न झाल्यास संपतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी बिहारची कागदपत्रे चाळून दाखवले की १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ अध्यादेश निघाले आणि पुनःपुन्हा जारी करून त्यांतले काही तब्बल १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. विधानसभा होती, निवडणुका होत होत्या. हे कायदे मात्र तिच्यापुढे येतच नव्हते. वाधवांच्या याचिकेवर १९८६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनेची फसवणूक ठरवली. विधानसभेच्या बाजूने एका संशोधकाने एवढे मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण विरळाच.

सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूच्या आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणी, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यसूचीत येतात. समवर्ती सूचीतील विषयावर दोघांनाही कायदा करता येतो, पण विरोध आल्यास संसदेचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तरच तो त्या राज्यापुरता चालतो. शिक्षण आणि वने हे विषय मुळात राज्यांचे होते. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले आणि परत आले नाहीत.

या चौकटीत राहूनही विधानसभेने देशाला वाट दाखवल्याची उदाहरणे आहेत. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी कायदा झाला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आग्रहाने लावून धरली होती. १९७७ मध्ये संमत झालेला हा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागातील प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे सरकारवर बंधनकारक ठरले. त्यासाठी पैसा उभा करायला व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरातील पगारदाराच्या कपातीतून खेड्यातील मजुराची मजुरी निघू लागली. देशपातळीवरचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये, पाव शतकानंतर आला. माहितीच्या अधिकाराचेही तसेच : गोव्याने १९९७ मध्ये, महाराष्ट्राने २००२ मध्ये कायदा केला, संसदेने २००५ मध्ये. केंद्राचा कायदा सगळीकडे एकदम लागू होतो, त्यामुळे तो चुकला तर सगळीकडे चुकतो. राज्याचा कायदा आधी एका ठिकाणी तपासून पाहता येतो. प्रस्तुत नोंदीच्या मते विधानसभांचे संघराज्यातील सर्वांत मोठे मोल हेच आहे.

संमत विधेयकावर राज्यपाल सही करतात, ते फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात (अनुच्छेद २००). पण काहीच न करता विधेयक पडून राहू दिले तर? तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्णयासाठी मुदती घालून दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत दिले की न्यायालयाला अशा मुदती घालता येणार नाहीत, मात्र दीर्घकाळ विनाकारण निष्क्रियता दिसल्यास मर्यादित हस्तक्षेप करता येईल.

अनुच्छेद ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लावून सभागृह विसर्जित करण्याची वाट आता बरीच अरुंद झाली आहे. केरळातील ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार बहुमत असताना १९५९ मध्ये बरखास्त झाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहातच घ्यावी लागते.

पैशाच्या बाबतीत मात्र विधानसभेचा हात आखडला आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. त्याचे दर सुचवणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे. ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागत असल्याने केंद्राच्या मनाविरुद्ध काही होऊ शकत नाही. तेथे राज्याचे मंत्री बसतात, आमदार नाहीत. मद्य, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क अशा मोजक्या करांवरच सभागृहाचा पुरता ताबा उरला आहे.

सीमांच्या प्रश्नात तर विधानसभेचे फक्त मत विचारले जाते (अनुच्छेद ३). आंध्र प्रदेशच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये तेलंगण विधेयक नाकारले, संसदेने ते पुढच्याच महिन्यात संमत केले. गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा निर्णयही पणजी किंवा मुंबईच्या सभागृहात न होता संसदेच्या कायद्याने घेतलेल्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात झाला. कर्नाटकातील बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी भाषक भाग महाराष्ट्रात यावा यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात एकमताने ठराव केला. काही दिवस आधी कर्नाटक विधिमंडळाने उलट ठराव केला होता. दोन्ही ठरावांना कायद्याचे बळ नाही. महाराष्ट्राने या सीमावादावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकाली निघालेला नाही.